‘डाउन म्हणजे खाली’ म्हणणाऱ्या ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

‘डाउन’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. एरवी मी दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो, पण ही तशी सोडवेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख पाल्हाळिक आहे. डाउन म्हणजे खाली आणि बाकीचे सगळे अर्थ त्यातूनच निघालेत, अगदी डाउन सिंड्रोमसुद्धा. मूळ शब्दाचा अर्थ टेकडी होता ही गोष्ट व्हॉट्सॲपवरची वाटते. अमेरिकन फुटबॉल उगाच घुसडलाय. शिकणाऱ्यांना वाक्यांची यादी हवी असते, ती दिलेली नाही. आणि शेवटी हे वाक्य: “लेखकाने एकदा शब्दकोश उघडून पाहिला असता तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.”

मतभेदाचं मला वावडं नाही. हे वाक्य मात्र मतभेदाचं नाही, येता-जाता टपली मारल्यासारखं आहे. ‘मला पटलं नाही’ असं लिहिता आलं असतं, तेही चाललं असतं. पण समोरच्याने काहीच वाचलेलं नाही असं गृहीत धरायचं, तेही स्वतःचं नाव न लावता, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत असतील तर माझी त्या शब्दाची समजूत तपासायला हवी.

यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करण्यात माझी हयात गेली. शब्दकोश माझ्या टेबलावर शोभेला ठेवलेला नाही. त्याची शिवण केव्हाच उसवली आहे आणि डी अक्षराची पानं तर सुटी होऊन आडवी खोचलेली असतात, इतक्या वेळा तिथे जावं लागलंय. असो. आपली इच्छा आहे तर उघडूच तो.

कुठलाही मोठा इंग्रजी शब्दकोश घ्या. त्यात ‘डाउन’ एकाच नोंदीत संपत नाही. एक नोंद दिशेची. दुसरी पिसांची: पाणपक्ष्यांच्या अंगावर वरच्या पिसांखाली जी मऊ लव असते, रजयांत आणि थंडीच्या जाकिटांत भरतात ती. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला आहे आणि खाली-वरशी त्याचा सुतराम संबंध नाही. म्हणजे ‘सगळे अर्थ त्यातूनच’ हा सिद्धांत दुसऱ्याच नोंदीला आडवा झाला. तिसरी नोंद टेकड्यांची. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘नॉर्थ डाउन्स’ आणि ‘साउथ डाउन्स’ या नावाच्या खडूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. नाव डाउन्स, आणि जायचं चढून!

आता ती व्हॉट्सॲपवरची गोष्ट. जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी. ‘ऑफ दूने’ म्हणजे टेकडीवरून. बोलताबोलता ते झिजून ‘अदूने’ झालं, पुढे आरंभीचा ‘अ’ही गळाला आणि राहिला तो आजचा ‘डाउन’. म्हणजे आपण ज्याला मूळ अर्थ म्हणता तो ‘खाली’ हाच मुळात टेकडीवरून उतरून आलेला आहे. व्हॉट्सॲपवर हे फिरत असेलही, तिथेसुद्धा अधूनमधून खरं येतं. पण शब्दकोशात ते व्युत्पत्तीच्या कंसात, बारीक टायपात छापलेलं असतं. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन आपण मला झापलंत, तो त्या कंसापर्यंत वाचलेला दिसत नाही.

बऱ्याच अर्थांच्या मुळाशी उंची आहे, हे मी लेखातच लिहिलं होतं. 1980 साली लेकॉफ हे भाषाशास्त्रज्ञ आणि जॉन्सन हे तत्त्वज्ञ यांनी हे फार छान मांडलं: दुःख, आजार, हार, घट हे सगळं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात खालच्या दिशेला असतं. म्हणून माणूस फ्लूने ‘डाउन’ होतो, शेअरचा भाव ‘डाउन’ जातो. इथपर्यंत आपलं-माझं एकच. पण पुढे? लंडन हे ब्रिटिश रेल्वेचं ‘वर’ आहे. एडिंबरोहून दक्षिणेला लंडनकडे येणारी गाडी नकाशावर सरळ खाली येते, तरी रेल्वेच्या भाषेत ती ‘अप’, आणि उत्तरेला जाणारी ‘डाउन’. इथे उंचीचा प्रश्न येत नाही, मुख्य ठिकाण कुठलं याचा येतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजचंही तसंच. सुटीत घरी जाणारा विद्यार्थी ‘गोज डाउन’, आणि ज्याला काढून टाकलं तो ‘सेंट डाउन’, मग त्याचं घर डोंगरमाथ्यावर का असेना. अमेरिकेत बोस्टनहून मेन राज्याच्या किनाऱ्याकडे जाणं म्हणजे ‘डाउन ईस्ट’, खरं तर दिशा ईशान्येची. शिडाची जहाजं तिकडे वाऱ्यामागे जात, आणि वारा ज्या बाजूला वाहतो ती खलाशांची ‘डाउन’ बाजू. या सगळ्याला ‘खाली’ हा एकच मराठी शब्द चिकटवून दाखवा, मी लेख मागे घेतो.

या ‘खाली’ने काय होतं ते मी कागदावर पाहिलेलं आहे. एका कारखान्याच्या पुस्तिकेचं काम होतं. मूळ वाक्य असं: “इफ द लाइन इज डाउन, पॉवर डाउन द ड्राइव्ह अँड टाय डाउन द लोड.” नव्या भाषांतरकाराचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. त्यात लिहिलेलं: “लाइन खाली असेल तर ड्राइव्हची वीज खाली करा आणि भार खाली बांधा.” व्याकरणात एक चूक नाही, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळेल असा एक शब्द नाही. उत्पादनाची लाइन बंद पडली असेल तर ड्राइव्ह (यंत्र चालवणारा भाग) बंद करा आणि माल जागच्या जागी घट्ट बांधा, एवढंच सांगायचं होतं. तीन ‘डाउन’: एक बंद पडण्याचा, एक बंद करण्याचा, एक जखडण्याचा. खाली एकही नाही. पुढच्याच पानावर ‘स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर’ होता, तो व्होल्टेज कमी करतो, उतरत कुठेच नाही. त्या मुलाने शब्दकोश उघडला नव्हता असं नाही, महाराज. उघडला होता, आणि पहिला अर्थ वाचून मिटला होता.

डाउन सिंड्रोमबद्दल मात्र मी थट्टेने लिहिणार नाही, कारण हा गैरसमज निरुपद्रवी नाही. तिथला डाउन हे माणसाचं आडनाव आहे. जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी 1866 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं, त्यांच्यावरून ते नाव पडलं. कारण पुष्कळ उशिरा कळलं: 1959 मध्ये फ्रेंच संशोधक जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या व्यक्तींच्या पेशींत 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते. जास्तीची, स्पष्टवक्ते! आपण मात्र त्या नावात ‘कमीपणा’ वाचलात आणि जाहीरपणे लिहूनही टाकलात. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ती ओळ वाचली असेल तर त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार कळफलकावर बोटं ठेवण्याआधी करायचा असतो.

फुटबॉलचा परिच्छेद लांबला, हे मान्य. दहा यार्ड पुढे सरकायला चार ‘डाउन’, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात आणि 1912 पूर्वी तीनच मिळत, एवढ्यावर भागलं असतं. तो खेळ मला आवडतो म्हणून वाहवत गेलो. पण शब्द एका डावाचं एकक होऊन बसतो हे दाखवायला त्याहून सरस उदाहरण मला तरी ठाऊक नाही, त्यामुळे परिच्छेद राहील.

यादी देणार नाही. ‘पुट डाउन’ हे एकच घ्या. हातातली वस्तू ठेवणं, बंड मोडून काढणं, चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणं, कागदावर टिपून घेणं. यादीत हे चार अर्थ पाठ केलेला माणूस परदेशी पशुवैद्याकडे गेला, कुत्रं अंगाखांद्यावर उड्या मारतंय, डॉक्टरांनी त्याला जमिनीवर ठेवावं म्हणून त्याने आर्जवाने ‘प्लीज पुट द डॉग डाउन’ म्हटलं, तर डॉक्टर त्याच्याकडे चमकून बघतील. कारण पशुवैद्याच्या टेबलापाशी त्याचा पाचवा अर्थ आधी ऐकू येतो: इंजेक्शन देऊन संपवा. आणि तरुण मंडळी ‘आय ॲम डाउन’ म्हणतात तेव्हा कधी मन खचलेलं असतं, तर कधी ‘मी तयार आहे’ एवढंच म्हणायचं असतं. गंमत म्हणजे त्याच तयारीला ‘अप फॉर इट’ही म्हणतात. कुठला अर्थ केव्हा, हे यादी कशी सांगणार? तशा याद्यांची पुस्तकं ढिगाने मिळतात, ज्यांना हवी त्यांनी घ्यावीत. माझा त्यांच्याशी वाद नाही.

या विषयावर माझ्याकडून एवढंच. पुढचा लेख ‘अप’वर आहे. त्यावरही जरूर लिहा, शक्य झाल्यास नावानिशी. आणि लेख शेवटपर्यंत वाचून.