फोर्डने दिलं की कामगारांनी लिहून घेतलं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती पण लगेच उत्तर लिहायला बसले नाही, कारण वाचून राग आला होता. आज सकाळी परत शांतपणे वाचली तेव्हा जाणवलं की त्यातला एक मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि तो माझ्या पोस्टमध्ये यायलाच हवा होता. त्यावर येतेच. पण बाकीच्या मुद्द्यांवर मला भांडायचंय, आणि सविस्तर भांडायचंय, तेव्हा उत्तर लांबणार आहे.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १ मेला मी शिकागोच्या १८८६च्या संपाबद्दल लिहिलं होतं, आठ तासांच्या मागणीबद्दल. त्यावर काकांनी (त्यांनी बत्तीस वर्षं चिंचवडला प्रॉडक्शनमध्ये काढलीयेत, युनियनशी टेबलाच्या पलीकडून बोललेत) लिहिलंय की आठ तासांची पाळी हेन्री फोर्डने १९१४ला स्वतःहून दिली, युनियनने नाही. अमेरिकेतले युनियनवाले आधी बॉम्ब फेकायचे आणि नंतर माफियाबरोबर बसायचे. काळ्या आणि चिनी कामगारांना त्यांनी दारातही उभं केलं नाही. आणि शेवटी मोटारींचं शहर डेट्रॉइट त्यांनीच बुडवलं, जशा आपल्याकडे गिरण्या बुडाल्या.

फोर्डपासून सुरू करते, कारण ही गोष्ट मी फार ठिकाणी ऐकलीये आणि ती अर्धी खरी आहे म्हणूनच इतकी टिकलीये.

जानेवारी १९१४मध्ये फोर्डने पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि रोज पाच डॉलर जाहीर केले, हे खरंय. त्याआधी अडीच डॉलरच्याही आत मिळायचे. पण का केलं? १९१३ला हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती असेंब्ली लाइन आली आणि तेच एक काम दिवसभर करून माणसं इतकी वैतागली की भराभरा सोडून जायला लागली. त्या वर्षी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एका जागेवर एक माणूस टिकवायला वर्षात तीन-चार माणसं भरावी लागत होती. तुम्ही प्रॉडक्शनचे आहात, लाइनवर रोज नवा माणूस असला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि ते पाच डॉलर सरसकट नव्हते, त्यातला जवळजवळ निम्मा भाग 'नफ्यातला वाटा' होता आणि तो मिळण्यासाठी कंपनीचे इन्स्पेक्टर तुमच्या घरी यायचे. दारू पिता का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवता का, बायको लग्नाची आहे का, हे सगळं बघून मग वाटा मिळायचा. त्या खात्याला नावही होतं, सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट.

शिवाय आठ तास तिथे पहिल्यांदा आले असंही नाही. ही मागणी नॅशनल लेबर युनियनने १८६६लाच केलेली, आणि मऊ कोळशाच्या खाणींमध्ये युनायटेड माइन वर्कर्सने १८९८ला आठ तास करारात लिहून घेतले, म्हणजे फोर्डच्या सोळा वर्षं आधी. रेल्वेवाल्यांना १९१६मध्ये मिळाले, ते देशभर संपाची नोटीस दिल्यावर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घाईघाईने कायदा केला तेव्हा. आता उलट बाजूने बघा, जिथे युनियन मोडून काढली होती तिथे फोर्डचं उदाहरण बघून कुणी मालक हलला का? पोलाद कारखान्यांमध्ये १९२३पर्यंत बारा तासांची पाळी होती. बारा! आणि दिवसपाळीची रात्रपाळी होताना सलग चोवीस तास उभं राहायचं. १८९२ला पेनसिल्व्हेनियात होमस्टेडला कार्नेगीच्या कारखान्यात त्याचा मॅनेजर फ्रिक याने पिंकर्टन या खाजगी एजन्सीची तीनशे माणसं बार्जमधून आणली, कामगारांनी ती परतवल्यावर राज्याची मिलिशिया (राखीव फौज) आली आणि संप चिरडला गेला, त्यानंतर पोलादात युनियन जवळजवळ उरलीच नव्हती, म्हणून ते बारा तास इतके टिकले.

पण काका, माझा खरा मुद्दा तारखांचा नाहीये. समजा फोर्डने मनापासून दिलं असं धरलं तरी त्याच फोर्डने १९२९च्या शेवटी सात डॉलर रोज जाहीर केले आणि मंदी आल्यावर ते उतरवत चार डॉलरवर आणले, आणि कुणालाही काही विचारता आलं नाही, कारण विचारायचा हक्क कुठे लिहिलेलाच नव्हता. मार्च १९३२मध्ये डिअरबॉर्नला बेकार कामगार मोर्चा घेऊन कारखान्यावर गेले तर पोलिस आणि कंपनीच्या माणसांच्या गोळीबारात चार जण जागेवर मेले. मे १९३७मध्ये फोर्डच्या रूज कारखान्याबाहेरच्या पुलावर मोटार कामगारांच्या युनियनचा नेता वॉल्टर रॉयथर आणि त्याचे साथीदार पत्रकं वाटायला उभे होते तर फोर्डच्या सर्व्हिस डिपार्टमेंटच्या (नाव सर्व्हिस, काम कामगारांवर पहारा आणि दंडेली) लोकांनी त्यांना तुडवलं, आणि हे जगाला कळलं ते केवळ डेट्रॉइट न्यूजच्या फोटोग्राफरने फोटोंच्या काचेच्या प्लेट्स गाडीत लपवून वाचवल्या म्हणून. फोर्डने युनियनबरोबर सही केली १९४१ला, मोटारींच्या मोठ्या तिन्ही कंपन्यांत (जनरल मोटर्स, क्रायस्लर, फोर्ड) सगळ्यात शेवटी. मालकाने दिलेली गोष्ट मालक परत घेऊ शकतो, करारात असलेली घ्यायची तर त्याला समोर येऊन बसावं लागतं. मला अमेरिकेच्या या सगळ्या इतिहासात ही एकच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते आणि बहुतेक मूळ पोस्टमध्ये ती मी नीट मांडली नव्हती.

म्हणून फ्लिंटबद्दल सांगावंसं वाटतंय. मिशिगनमधलं फ्लिंट, जनरल मोटर्सचं गाव, ३० डिसेंबर १९३६. कामगारांनी संप केला पण बाहेर गेले नाहीत, आतच बसले. कारण बाहेर पडलं की दुसरी माणसं आणून लाइन चालू होते आणि गेटवर लाठ्या पडतात, आत मशीनशेजारी बसलं की मालकालाही हात उचलताना मशीनचा विचार करावा लागतो. ४४ दिवस बसले. ११ जानेवारीला ऐन थंडीत फिशर बॉडीच्या (जनरल मोटर्सचा गाड्यांच्या बॉडी बनवणारा विभाग) दोन नंबर प्लांटचं हीटिंग बंद केलं, जेवण अडवलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि आतून कामगारांनी पाण्याचे पाइप सोडले आणि गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या फेकल्या. बायकांनी लाल टोप्या घालून स्वतःचं पथक काढलं. गव्हर्नर फ्रँक मर्फीने नॅशनल गार्ड आणलं खरं पण कामगारांना बाहेर काढायला ते वापरायला त्याने नकार दिला, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडला, कारण त्याआधीच्या पन्नास वर्षांत बहुतेक वेळा लष्कर मालकाच्याच बाजूने आलं होतं. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या १८९४च्या संपात तर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने केंद्राची फौज पाठवली होती.

आणि मागणी काय होती? नुसता पगार नाही. लाइनचा वेग कमी करा, आणि सीनियॉरिटी द्या, म्हणजे जो आधी लागला त्याचा नोकरीवर आधी हक्क. फोरमनच्या मर्जीवर नोकरी असायची, मंदीत कुणाला घरी बसवायचं आणि कुणाला परत बोलवायचं हे तोच ठरवायचा, मग लोक त्याच्या घरची कामं करून द्यायचे, त्याला भेटी द्यायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बाबांना फोन केला होता. माझे आजोबा गिरणीत लागले ते जॉबरला, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी देऊन, आणि बाबा कित्येक वर्षं बदली होते, रोज पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाही पुकारलं तर चहा पिऊन घरी. आई सांगायची की बाबा जिना चढून वर आले की पावलांवरूनच तिला कळायचं आज काम मिळालं नाही. सीनियॉरिटी हा शब्द तुम्हाला कमेंटमध्ये 'कामचुकारांचं कवच' वाटलाय. फ्लिंटच्या माणसाला तो काय वाटला असेल ते मला बाबांच्या त्या पावलांवरून कळतं.

११ फेब्रुवारी १९३७ला जनरल मोटर्सने सही केली. एवढ्या मोठ्या कंपनीने. करार अगदी छोटा होता, पण त्यात युनियनला मान्यता होती.

आता बॉम्ब. १८८६च्या त्याच संपाच्या वेळी शिकागोच्या हेमार्केट चौकात सभेत पडलेला बॉम्ब कुणी फेकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. आठ जणांवर खटला चालला, त्यातले बरेचसे बॉम्ब पडला तेव्हा त्या चौकात हजरही नव्हते, चौघांना नोव्हेंबर १८८७मध्ये फाशी दिलं, एक कोठडीत मेला, आणि १८९३ला गव्हर्नर आल्टगेल्डने उरलेल्या तिघांना माफी देताना खटलाच अन्यायाचा होता असं लिहिलं. पण म्हणून युनियनच्या लोकांनी कधी हिंसा केलीच नाही असं मी म्हणणार नाही. १९१०मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीत स्फोट होऊन वीसेक साधी, नोकरी करणारी माणसं मेली आणि तो लोखंडी बांधकामवाल्यांच्या युनियनमधल्या मॅक्नमारा भावांचा उद्योग होता, त्यांनी कोर्टात कबूल केलं. वाईटच होतं ते. फक्त त्याच्या शेजारी लडलो (Ludlow) या ठिकाणची गोष्ट पण ठेवा, कोलोराडो राज्य, एप्रिल १९१४, रॉकफेलरच्या कोळसा कंपनीचा संप, कंपनीने घरातून काढल्यामुळे कुटुंबं तंबूत राहत होती, मिलिशियाने तंबू पेटवले आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून गेली. माफियाबद्दल फार वाद नाही, टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनमध्ये ती कीड होती आणि एएफएल-सीआयओ या युनियनांच्या महासंघाने १९५७ला त्यांना बाहेर काढलं.

वंशाचा मुद्दा. इथे तुम्ही बरोबर आहात काका, आणि मी चुकले. १८८२च्या चिनी लोकांना बंदी घालणाऱ्या कायद्यामागे कामगार संघटनांचा मोठा जोर होता, आणि सॅम्युएल गॉम्पर्ससारखा नेता, जो स्वतः लंडनहून आलेला सिगार वळणारा स्थलांतरित, तो शेवटपर्यंत आशियाई लोकांच्या विरोधात बोलत राहिला. यूजीन डेब्जच्या रेल्वे युनियनने १८९४मध्ये काळ्या कामगारांना सभासद न करण्याचं बहुमताने ठरवलं, डेब्जने विरोध करूनही, आणि त्याच वर्षी पुलमनचा संप हरले. जून १९४३मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले, ऐन महायुद्धात. युनियनच्या वरच्या नेत्यांनी विरोध केला, पण ते बाहेर पडणारे सभासद युनियनचेच होते. हे मी लिहायला हवं होतं.

मात्र तिथेच थांबलं तर काळ्या कामगारांनी स्वतः जे केलं ते पुसलं जातं. पुलमनच्या झोपायच्या डब्यांत जे पोर्टर असायचे त्यांना प्रवासी सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे, मालक जॉर्ज पुलमन म्हणून, जसं काही हे त्याचेच गुलाम. त्यांची युनियन ए. फिलिप रँडॉल्फने १९२५ला काढली आणि कंपनीशी करार व्हायला बारा वर्षं लागली, १९३७. बारा वर्षं माणसं धरून ठेवली त्याने. पुढे १९४१मध्ये याच रँडॉल्फने वॉशिंग्टनवर मोर्चा आणायचा इशारा दिला तेव्हा रूझवेल्टने युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला. आणि मेम्फिस १९६८, कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात दोन कामगार चिरडून मेले, तेराशे सफाई कामगार संपावर गेले, गळ्यात पाटी एवढीच की 'मी माणूस आहे'. मार्टिन लूथर किंग या संपाला पाठिंबा द्यायलाच मेम्फिसला गेले होते, तिथेच त्यांना गोळी घातली.

राहिलं डेट्रॉइट. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५०ला साडेअठरा लाख होती आणि उतरण त्याच दशकात सुरू झाली, जपानी गाड्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हा. कंपन्या नवे प्लांट शहराबाहेर, दुसऱ्या राज्यांत टाकत होत्या, गोरी कुटुंबं उपनगरांत निघाली होती. बरं, गाडी कुठली काढायची, किती किमतीला विकायची हे युनियनला कधी विचारलंच नाही. जनरल मोटर्समधल्या १९४५-४६च्या संपात रॉयथरने नेमकं हेच मागितलं होतं, की पगार तीस टक्के वाढवा पण गाडीची किंमत वाढवू नका, परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या दाखवा. ११३ दिवस संप चालला, वह्या दाखवल्या नाहीत. १९५०च्या करारात पेन्शन आणि औषधपाणी मिळालं आणि धंद्याचे निर्णय पूर्णपणे कंपनीकडे राहिले. मग सत्तरच्या दशकात लोकांना छोट्या गाड्या हव्या झाल्या आणि यांच्याकडे चांगली छोटी गाडी नव्हती, तो निर्णय लाइनवरच्या माणसाचा नव्हता. पेन्शनचा बोजा नंतर खरंच जड झाला हे मान्य. पण जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यांत युनियन अमेरिकेपेक्षा मजबूत आहेत, कामगारांचे प्रतिनिधी कंपनीच्या सुपरवायझरी बोर्डावर बसतात, आणि तो धंदा काही त्यामुळे सत्तरच्या दशकात बुडाला नाही.

गिरण्यांबद्दल इथे लिहीत नाही, १९८२चा संप आमच्या घरातून गेलाय, तो एका परिच्छेदात मावणार नाही.

मूळ पोस्टमध्ये चिनी कामगारांचा, १८९४च्या ठरावाचा आणि पॅकार्डचा भाग आज रात्री घालते, तुमच्या कमेंटमुळे घातलाय असं लिहून. आणि एक विनंती आहे. तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या प्लांटमध्ये दर तीन वर्षांनी सेटलमेंट व्हायचं आणि एकदा पहाटे चारपर्यंत बसून ते झालं. त्या रात्री टेबलावर काय काय होतं, तुम्ही काय सोडलंत, त्यांनी काय सोडलं, हे सविस्तर लिहाल का? मॅनेजमेंटच्या खुर्चीवरून मराठीत हे कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, आणि तुम्ही लिहिलंत तर एक अक्षर न बदलता इथे छापेन.