कॉन्फिगला नाव असं द्या की नावं ठेवायलाही कोणी उरू नये
प्रोजेक्ट मोठा झाला, सर्व्हिसेस वाढल्या, कॉन्फिग (म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची) फाइल स्क्रोल करून बोट दुखायला लागलं, म्हणजे आता तुमची वेळ आलीये. नवीन व्हेरिएबल टाकायचाय ना? मग आधीच्या लोकांनी काय नावं दिलीयेत ते अजिबात बघू नका. डेटाबेसच्या पत्त्याला कोणी डीबी_होस्ट म्हणतं, कोणी डेटाबेस_यूआरएल, तुम्ही तिसरं काढा, आणि तिन्ही चालू ठेवा. कुठला खरा ते सर्व्हर सुरू झाला की कळतंच.

टाइमआऊटचं, म्हणजे किती वेळ वाट बघायची त्या सेटिंगचं, नाव नुसतं टाइमआऊट, व्हॅल्यू 30, विषय संपला. पुढे _सेकंद जोडायचा मोह होतो, तो आवरा. पायथॉनचा स्लीप सेकंदात मोजतो, जावास्क्रिप्टचा सेटटाइमआऊट मिलिसेकंदात, आणि मोठ्या प्रोजेक्टमधे दोन्ही भाषा असतातच, मग एकच व्हेरिएबल दोघांना वाटून द्या, एक निवांत थांबेल आणि दुसरा थांबायच्या आधीच हार मानेल. 1999 मधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं, एकाने पाउंड-फोर्समधे आकडे दिले, दुसऱ्याने न्यूटन समजून घेतले. म्हणजे आपली परंपरा थेट मंगळापर्यंत पोचलेली आहे.

ऑन-ऑफवाल्या सेटिंगला सरळ नाव देणं तर बालिशपणा. कॅश (पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवायची सोय) असेल तर कॅश_चालू कशाला, डिसेबल_कॅश करा, जमलं तर डोन्ट_डिसेबल_कॅश, म्हणजे कॅश चालू आहे की बंद हे मीटिंग बोलवून ठरवावं लागेल. आणि यातली खरी मजा पुढे आहे: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) म्हणजे नुसती स्ट्रिंग, साधा मजकूर, त्यात फॉल्स लिहा, पायथॉनमधे खरं-खोटं ठरवणारं बूल लावा, उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याला खरीच वाटते. म्हणजे डिसेबल_कॅश=फॉल्स लिहिणाऱ्याचा कॅश बंदच! इतका विनोद भाषेने आयता दिलाय, वाया घालवू नका.

व्हेरिएबलच्या नावातल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचं पण तसंच. लिनक्सवर दोन्ही वेगळे, विंडोजवर एकच, तेव्हा फक्त तेवढाच फरक असलेली दोन नावं ठेवा आणि टीममधे दोन्ही प्रकारचे लॅपटॉप राहतील असं बघा. कर्ल हे वेबवरून डेटा आणणारं टूल तर एचटीटीपी_प्रॉक्सी (मधल्या सर्व्हरचा पत्ता) हे नाव फक्त स्मॉलमधेच मानतो (त्यांच्याकडे कारण आहे, सीजीआय या वेब सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायच्या जुन्या पद्धतीत बाहेरून आलेल्या प्रॉक्सी हेडरचं नेमकं तेच कॅपिटल नाव बनतं, पण कारणं वाचत बसलो तर कोड कधी लिहिणार).

नावापुढे न्यू, न्यू2, फायनल वगैरे लावता येतं हे तुम्हाला माहीतच आहे.

जुना फ्लॅग, म्हणजे ऑन-ऑफ सेटिंग, मात्र कधी डिलीट करू नका, त्यालाच नवीन काम द्या. नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीने 2012 मधे हेच केलं, आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला होता, तो त्या फ्लॅगने जागा झाला आणि 45 मिनिटांत 40 कोटी डॉलरच्या वर गेले. नवीन नाव सुचवायला एवढा वेळही लागला नसता, पण मग कंपनीचं नाव आपल्याला कुठून कळलं असतं?

डॉक्युमेंटेशन मागितलं तर म्हणा, नावावरूनच कळतंय की. रिव्ह्यूमधे कोणी जास्तच खोदलं तर सांगा की हे आधीपासून असंच आहे, आता बदललं तर प्रॉडक्शन पडेल. आणि ते खरंच पडेल, तेवढी सोय वरच्या सगळ्यात झालेली आहे.