पोट्ट्याइचे मोबाईल बंद, मंग ई-पीक पाहणी कोन करनार?

15 ऑगस्टची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती, ती आज झाली. (तहकूब सभेला कोरम लागत नाही हे गावात सगळ्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून तर पहिल्या सभेला कोणी फिरकत नाही.) नाली, घरकुलाची यादी, पांदण रस्ता, नेहमीचा कल्ला झाला आणि शेवटी एक "सामाजिक" ठराव आला. 18 वर्षांखालच्या पोरापोरींच्या हाती मोबाईल द्यायचा नाही, बस. बाहेरून एक वक्ते बोलावले होते. हे वयच वादळाचं असते, ही पिढी वाया गेली, मोबाईलनं संस्कार खाल्ले, असं अर्धा तास चाललं. टाळ्या. ठराव मंजूर. ज्यांच्याबद्दल ठराव, त्यातलं एकही पोट्टं तिथं नव्हतं, आणि कोणाला ते खटकलंही नाही.

आपलंच गाव पहिलं आहे असंही नाही. 2022 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं असा ठराव केला होता, पेपरात गाजला होता. तेव्हाही मी चिडली होती, पण ते दुसऱ्याचं गाव होतं.

आता आमच्या घरचं सांगते. भासऱ्यांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची पोरगी सोनू, दहावीला आहे. आमच्या अख्ख्या गल्लीची ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात काय पेरलं त्याची मोबाईलवरून सरकारी नोंद, ही पोरगी करते. 2021 मध्ये ते ॲप आलं तेव्हापासून गावातल्या अर्ध्या कास्तकारांना ते उघडतच नाही, उघडलं तर गट नंबर सापडत नाही, सापडला तर लोकेशन घेत नाही. मग शाळा सुटली की सोनू दप्तर फेकते अन् ज्याचा नंबर असेल त्याच्या वावरात जाते. मी एकदा सोबत गेली होती. धुऱ्यावर उभी राहून एका हातानं फोन वर धरलेला, रेंज यावी म्हणून, दुसऱ्या हातानं पऱ्हाटीची फांदी बाजूला सारून म्हणते, "काका, तुम्ही फोटोत येऊन राहिले, थोडे मागं सरका. हं. आता हलू नका." अन् ते काका, ज्यांच्यापुढं घरात कोणी चूं करत नाही, ते गुमान मागं सरकले! ती पाहणी चढली तर सातबाऱ्यावर पीक येते, नाही तर पेरा कोरा. 2025 पासून सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी महामंडळाला) कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर आधी नोंदणी, तिथंही हीच पोरगी.

तर आज सभेहून आल्याबरोबर भासऱ्यांनी तिचा फोन घेतला अन् कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. ती काही बोलली नाही. रात्री साडेआठला दारात आवाज. "सोनू आहे काय व घरी? माह्या वावराची पाहणी राहून गेली, तारीख संपून राहिली." कोण होतं सांगू? ज्यांनी सकाळी ठरावाला अनुमोदन दिलं तेच!

हसावं की रडावं.

मी तासिका तत्त्वावर का होईना पण समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे वक्त्यांचं ते "वादळाचं वय" ऐकून डोकंच सणकलं. हे वाक्य स्टॅन्ली हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, 1904 चं. भाऊ, सव्वाशे वर्षं होत आली! 1928 मध्येच मार्गारेट मीडनं सामोआ बेटावरच्या पोरींमध्ये राहून लिहिलं की तिथं हे वय बऱ्यापैकी निवांत जाते, म्हणजे वादळ सगळं अंगातूनच येते असं नाही, समाज कसा आहे त्यावर आहे. (हो, 1983 मध्ये डेरेक फ्रीमननं तिचं काम खोडून काढायचं म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं, तो वाद आहे, मान्य.) पण बाईचं दुसरं म्हणणं मला जास्त पटते, 1970 चं. ती म्हणते, काही समाजात पोरं फक्त मोठ्यांकडून शिकतात, काही ठिकाणी आपल्या बरोबरीच्यांकडून, अन् बदल फारच जोरात आला की मोठ्यांनाच पोरांकडून शिकावं लागते. मग सांगा, धुऱ्यावर मागं सरकणारे ते काका यातल्या कोणत्या समाजातले? पण काकांना हे कबूल करायचं नाही. शिकायचं पोरीकडून अन् ठराव करायचा पोरीवर.

विल्यम ऑगबर्ननं 1922 मध्ये सांगून ठेवलं की वस्तू आधी बदलतात, रीतिरिवाज अन् कायदेकानून मागून लंगडत येतात, अन् त्या मधल्या काळात माणसं भरडली जातात. त्याचंच उदाहरण आहे, कारखान्यात मशिनी आल्या, मजुरांचे हातपाय तुटायला लागले, पण भरपाईचे कायदे यायला कितीतरी दशकं गेली. आपल्याकडं फोन आला, सातबारा फोनमध्ये गेला, विमा फोनमध्ये गेला, शाळेचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येते, अन् रीत अजून तीच, मोठ्यांनी बोलावं अन् पोट्ट्याइनं ऐकावं.

पोट्टे गेममध्ये पैसे घालवतात, रात्र रात्र रील पाहतात, हे मला दिसत नाही असं समजू नका. दिसते. एकानं बापाचे खताचे पैसे घालवले तेही माहीत आहे. पण सात ते नऊ सिरीयल पाहणाऱ्या आयांवर अन् पारावर बसून दिवसभर फॉरवर्ड ढकलणाऱ्या आजोबांवर ठराव का नाही, एवढंच विचारते.

माझा खरा राग वेगळाच आहे, लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येऊन राहिलं. ग्लेन एल्डर म्हणून एक समाजशास्त्रज्ञ, 1974 चं त्याचं काम. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची 167 पोरं, 1920-21 ची जन्मलेली, म्हणजे 1930 च्या मंदीत ऐन वयात आलेली. बापांचे रोजगार गेले, घरं बसली. वाटलं असतं ही पोरं कामातून गेली. पण बरीचशी उलट उभी राहिली, कारण घराला त्यांची गरज पडली, पोरांनी छोटीमोठी कामं धरली, पोरींनी घर सांभाळलं, अन् आपल्यावाचून घराचं अडते हे त्यांना कळलं. त्याच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं, मंदीत जी अगदी लहान होती, 1928-29 ची जन्मलेली, त्यातल्या मुलग्यांचे हाल जास्त झाले. आता आपल्याकडं पाहा. भासरे स्वतः चौदा-पंधराचे होते तेव्हा डवरा धरायचे, बैल त्यांच्या आवाजावर चालायचे, पोळ्याला जोडी तेच धरायचे, अन् बियाणं कोणतं घ्यायचं यावर आजोबा त्यांनाही विचारत, हे ते स्वतःच सांगतात, दर पोळ्याला सांगतात! आता अर्धं निंदण-डवरण तणनाशकावर गेलं, पेरणी ट्रॅक्टरवर गेली, अन् पोरांना आपण म्हणतो, तू फक्त अभ्यास कर. कशासाठी? तर भरतीसाठी. भरतीच्या जागा किती निघतात ते सगळ्यांना ठाऊक. म्हणजे कोणाला उपयोग नाही असं वय आपणच तयार केलं अन् वरून म्हणतो पोट्टे रिकामटेकडे झाले.

त्यात एक पोरगी स्वतःच्या डोक्यानं गावाच्या कामी आली, तर तिच्या हातातून तेच काढून घेतलं. अन् पोरगी म्हणूनच जास्त लागते मला. एल्डरनंच लिहिलं आहे, पोरांचं काम त्यांना घराबाहेर घेऊन गेलं, पोरी चुलीपाशीच अडकल्या. सोनू भांडी घासते, शेण काढते, जाऊबाईंसोबत सांबार (कोथिंबीर) निवडते, त्याला कोणी काम म्हणत नाही अन् शाबास तर नाहीच नाही. पाहणीसाठी मात्र लोकं तिला नाव घेऊन बोलवायला येतात. "सोनू आहे काय?" असं विचारतात, "तुझा बाप आहे काय?" असं नाही. हे त्या पोरीसाठी किती मोठं आहे ते फोन कपाटात ठेवणाऱ्याला कळलं पाहिजे होतं.

भासऱ्यांवर मी चिडली आहे पण वाईट माणूस नाही तो. जेवताना हळूच म्हणाले, "गाव पोरीलेच नाव ठेवते, पोट्ट्याले नाही ठेवत." त्यांना भीती आहे, अन् ती भीती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, याच गावात राहते मी. किंग्जले डेव्हिसनं 1940 मध्येच लिहिलं की आईबाप पोरांना आपल्या वेळच्या हिशोबानं वाढवतात, अन् ती वेळ तर केव्हाच गेलेली असते. वर्गात हे शिकवताना लय सोपं वाटते. ताटावर समोर बसलेल्या माणसाला कसं सांगावं.

असो. पुन्हा मुद्द्यावर. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला सभा असते, कायद्यानं घ्यावीच लागते, आपल्याकडं ती घरोघरी रजिस्टर फिरवून "होते". यावेळी मी खरोखरच जाऊन बसणार आहे. अर्ज लिहून तयार आहे: हा ठराव मागं घ्या, अन् पोरापोरींबद्दल पुढं काही ठरवायचं असेल तर नववी ते बारावीच्या लेकरांना सभेत बोलवा, सतरंजीवर मागं नाही, समोर. बायांनो, सह्या लागतील, उद्यापासून घरी येते. पुरुषांनी केली तरी चालेल.

अन् "वहिनी, तुम्ही शिकलेल्या म्हणून असं बोलता" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी आधी आपल्या वावराची ई-पीक पाहणी आपल्या हातानं करावी अन् स्क्रीनशॉट खाली टाकावा. मग बोलू.