माळ्यावरची बॅट

शनिवारी पिंट्या कट्ट्यावर आला तोच वैतागून. "पोरगं फार उलट बोलायला लागलंय. काही विचारलं की वसकन अंगावर येतं. दहावी डोक्यावर आलीय आणि ह्याचं लक्षच नाही."

"दोन ठेवून दे," अण्णा म्हणाला. "आपण काय कमी मार खाल्ला? झालं का कुणाला डिप्रेशन?"

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "झालं होतं, अण्णा. आपण त्याला आळशी म्हणायचो, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचो. या वयातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही, चिडचिड होऊन येतं. घरच्यांना तो माज वाटतो." २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. मास्तर म्हणाले, "माझ्या साठ पोरांच्या वर्गात चारजण झाले."

"क्रिकेट खेळतो का अजून?" मी पिंट्याला विचारलं.

"मीच बॅट माळ्यावर टाकली, जूनमध्ये."

माझ्या काळजात चर्र झालं. सकाळी सहाचा क्लास, मग शाळा, पुन्हा क्लास. रात्री साडेअकराला आडवा, पहाटे पाचला उठवायचं. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं, लवकर नीज म्हटलं तरी डोळा लागत नाही. खेळ गेला, झोप गेली, मित्र सुटले, मग त्या पोराकडे उरलं काय? आजार होऊ नये असं वाटत असेल तर आधी हे त्याला परत द्या, असं मी तावातावानेच म्हणालो.

अण्णा मोबाइलवर घसरला. मोबाइलला मीही दोष देतो, पण आता त्याला मित्र भेटतात ते तिथेच.

"दोन आठवडे असंच चाललं, जेवणखाण बिघडलं, कशातच मन रमेना, तर डॉक्टरांना दाखव," मास्तर म्हणाले. "आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही." पिंट्याच्या फोनमध्ये त्यांनी स्वतः १४४१६ टाकून दिला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पिंट्या बराच वेळ गप्प होता. मग उठला. "सहाची बॅच सोमवारपासून बंद."

"आणि भरलेली फी?" अण्णाने विचारलं.

पिंट्या गाडीला किक मारत होता.