आधी मोजे, मग बाकीचं

पावसाळा लागला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक डोळ्यांचा, एक नखांचा. साथीत डोळे येऊ नयेत ही एकाची काळजी, नखं बिघडू नयेत ही दुसऱ्याची. डोळ्यांच्या पक्षाचं नेतृत्व हिच्याकडे, नखांच्या पक्षाची सूत्रं माझ्या आईकडे. मी अपक्ष. त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाण्याचा मान माझा.

डोळ्यांच्या पक्षाचा जाहीरनामा दोन शब्दांचा आहे: हात धुवा. बाहेरून आलात, धुवा. दाराच्या कडीला हात लागला, धुवा. नोटा मोजल्या, जिन्याचा कठडा धरला, कुणाच्या तरी मोबाइलवर त्याच्या नातवाचे फोटो बघितले, धुवा. नखांच्या पक्षाचा जाहीरनामाही तितकाच आटोपशीर: हात कोरडे ठेवा. नखाच्या बुडाशी पातळ कातडीची एक किनार असते. खिडकीच्या काचेला लांबी भरतात, तेच काम ती करते. हात सारखे पाण्यात राहिले की ती फुगते, सुटते आणि त्या फटीतून जंतू, बुरशी, ज्याला जमेल तो आत शिरतो. मग नखाची कड लाल होते, सुजते, ठणकायला लागते, पू धरते. हे नखुरडं. ज्याला झालंय तो रात्री एक बोट हवेत उभं धरून झोपतो आणि झोपेत कुणी पांघरूण ओढलं तर सगळ्या घराला जागं करतो.

अडचण अशी की दोन्ही पक्ष खरं बोलतात. दोन खोटारड्यांत समेट घडवून आणता येतो, पण दोन खऱ्यांच्या मधे जो सापडला त्याला कुणी वाली नाही. मी तडजोड म्हणून खिशात सॅनिटायझरची बाटली ठेवायला सुरुवात केली. पाणी नाही म्हणून आई खूश, हात निर्जंतुक म्हणून ही खूश, असा माझा हिशेब. हिने तो दुसऱ्याच दिवशी मोडीत काढला. पावसाळ्यात साथीनं डोळे येतात ते बरेचदा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे. या विषाणूला चरबीचं बाह्य आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली त्याला अंगावरून ढकलून द्यावा लागतो. शिवाय तो प्लॅस्टिकवर आणि धातूवर काही आठवडे तग धरू शकतो. "काही आठवडे!" ही म्हणाली, आणि टीव्हीचा रिमोट दोन बोटांत धरून पुसायला घेऊन गेली.

ऑफिसात मात्र या विषयावर वेगळंच विज्ञान चालतं. आमच्या एका सहकाऱ्याचे डोळे आले आणि तो काळा गॉगल लावून कामावर हजर झाला. तिथं सगळ्यांची ठाम समजूत अशी, की आलेल्या डोळ्यांत बघितलं की आपलेही डोळे येतात. गॉगल लावला की मार्ग बंद. वास्तविक नजरेतून काही संसर्ग उडत नाही. तो जातो हातातून, रुमालातून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून. गॉगलनं फक्त त्या माणसाला उजेडाचा त्रास कमी होतो. पण त्या दिवशी आख्खं ऑफिस त्याच्याशी छताकडे बघत बोलत होतं आणि हजेरीच्या वहीत सही करायला पेन मात्र त्याचंच मागून घेत होतं.

डोळ्यांना हात लावू नका, हे सांगणाऱ्यानं स्वतः कधी प्रयत्न केलेला नसतो. सिडनीतल्या एका विद्यापीठात २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं वर्गात बसल्या जागी चित्रण करून, चेहऱ्याला हात किती वेळा लागतो ते मोजलं. तासाला सरासरी २३ वेळा! त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त स्पर्श थेट डोळे, नाक नाहीतर तोंडाला. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे उद्या जे आपल्याला 'डोळे चोळू नका' म्हणून सांगणार, ते व्याख्यान ऐकता ऐकता दर अडीच-तीन मिनिटांनी तोंडावरून हात फिरवत होते. आपली काय कथा!

आणि हात लावायचा नाही असं ठरवलं रे ठरवलं, की डोळा बरोबर ओळखतो. एरवी निमूट पडलेला डाव्या डोळ्याचा कोपरा, नाकाच्या बाजूचा, अगदी आतला, हळूच चुरचुरतो. आपण दुर्लक्ष करतो. तो जरा वाढवतो. आपण पापण्या मिटतो, उघडतो, पुन्हा गच्च मिटतो. समोरच्या बाईंना वाटतं आपण डोळा मारला. मग दंडाला डोळा पुसावा म्हणून खांदा वर आणि मान खाली नेतो. तिथं शर्टाची बाही पावसानं भिजलेली. एवढ्यात उजवा डोळा म्हणतो, मला का नाही?

आमच्या घरातला समतोल बिघडला तो माझ्या मेहुण्यामुळे. भर पावसात तो राहायला आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ओली छत्री आणि दोन्ही डोळे लाल. डोळ्यांच्या पक्षाच्या अध्यक्षांचा सख्खा धाकटा भाऊ! आईनं फक्त "ये रे बाबा, बस," एवढंच म्हटलं, पण त्या चार शब्दांत विरोधी पक्षाचा आनंद मावत नव्हता. हिची पंचाईत झाली. भावाला बोलवेना, म्हणून नियम आम्हाला लागले. त्यानं जिथं बसायचं ती खुर्ची सोडून आम्ही बसायचं, त्यानं नळ सोडला की आम्ही नळ धुवायचा. तो बिचारा मजेत होता.

मेहुण्यानं येताना औषधही आणलं होतं. मागच्या पावसाळ्यात अर्धी उरलेली बाटली. "दोन थेंब टाका भाऊजी, आत्ताच. आपल्याला यायच्या आधीच बरं वाटेल," असं त्याचं प्रतिबंधक धोरण. डोळ्यांचे बहुतेक थेंब बाटली फोडल्यापासून साधारण चार आठवड्यांत संपवायचे, नाहीतर टाकून द्यायचे असतात. त्यातून हा एकाच्या पापणीला टेकलेला नॉझल दुसऱ्याच्या डोळ्यावर धरायला निघाला होता. तरी हे किरकोळच. बाटलीवरचं नाव वाचलं तर आत स्टेरॉइड. त्यानं लाली झटक्यात उतरते, म्हणून माणूस त्या बाटलीच्या प्रेमात पडतो. पण मनानंच घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि मूळ दुखणं नागिणीच्या कुळातल्या हर्पिसच्या विषाणूचं असेल तर बुबुळाला जखम होऊन प्रकरण नजरेवर बेतू शकतं. मी ती बाटली कचऱ्यात टाकली. त्यानं ती परत काढली. हिने ती दुसऱ्यांदा अशा ठिकाणी टाकली की अजून कुणाला सापडलेली नाही.

मग त्याला डॉक्टरांकडे नेला. त्यांनी डोळे तपासले, पाणी गळतंय, घट्ट पिवळी घाण नाही, म्हणजे विषाणूचा प्रकार दिसतो म्हणाले. यावर अँटिबायोटिक चालत नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि एक ते दोन आठवडे धीर. दुखायला लागलं, अंधुक दिसायला लागलं, उजेड अजिबात सोसवेना, तर मात्र त्याच दिवशी परत या. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर पूर्ण बरं होईपर्यंत नाव काढू नका. मेहुणा बाहेर आला तो अपमानित चेहऱ्यानं. "धीर काय देतात? गोळी द्यायला काय होतं?" आपल्याकडचा रोग्याचा स्वाभिमान चिठ्ठीच्या लांबीवर असतो.

त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला १९६९ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला आणि त्याच सुमाराला आफ्रिकेत घानामध्ये डोळ्यांची एक नवीच साथ उसळली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरवणारी. लोकांनी तिला सरळ 'अपोलो' नाव देऊन टाकलं. पुढे कळलं की तो एंटरोव्हायरस नावाचा विषाणू होता आणि चंद्राचा काही संबंध नव्हता. मेहुणा एकदम प्रसन्न झाला. दुसऱ्या दिवसापासून फोनवर विचारणाऱ्यांना तो "साधे डोळे नाहीत, अपोलो आहे," असं सांगायला लागला.

आता टॉवेल. पावसाळ्यातल्या या सगळ्या महाभारताचं मूळ टॉवेल आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, हा डोळ्यांच्या पक्षाचा कायदा. पायाचा टॉवेल तोंडाला नको, ही नखांच्या पक्षाची दुरुस्ती. म्हणजे माणशी दोन. पावसात आज धुतलेला उद्या वाळत नाही, म्हणून माणशी चार. घरात माणसं पाच. बैठकीच्या खोलीत तीन दोऱ्या बांधल्या, त्यांवर वीस टॉवेल आणि खाली आम्ही वाकून चालतो आहोत. रंगांवरून ओळखायचे ठरलं, तर इतके रंग बाजारात नाहीत. निळा, गडद निळा, त्याहून जरा वेगळा निळा. पहाटे अंधारात, तोंडावरून पाणी गळत असताना, डोळे मिटलेले, हात पुढे केलेला आणि कुठला निळा ते सांगा! शेवटी दमट टॉवेलांना इस्त्री करायची जबाबदारी अपक्षावर आली.

मेहुणा जरा बरा होतोय तोवर आईच्या पक्षानं चढाई केली. तिचा विषय: चिखल्या. पावसात भिजलेले बूट दिवसभर पायात ठेवले की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, भेगाळते, खाजते. सगळ्यात आधी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा, कारण ती सगळ्यात अरुंद. तिथं टॉवेल जात नाही, वारा जात नाही, आपलं लक्ष तर मुळीच जात नाही. आई म्हणते, कापडाचा कोपरा पिळून वात कर आणि घाल. मी पलंगाच्या कडेला बसतो, पाय मांडीवर आडवा घेतो, करंगळी एका हातानं बाजूला ओढतो. ती तेवढ्यापुरती सरते, वात जवळ आली की शेजारणीला जाऊन चिकटते. बेचक्यात पोचेपर्यंत कंबर धरलेली असते आणि अजून दुसरा पाय शिल्लक असतो.

चिखल्यांमागची बुरशी बेचक्यात राहिली तर एकवेळ परवडलं. ती नखाखाली शिरली की मुक्कामाला येते. नख पिवळं पडतं, जाड होतं, कडेनं भुगा पडतो. अर्थात जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच असं नसतं, म्हणून डॉक्टर नखाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मगच औषध लिहितात. खरी गंमत पुढेच आहे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहून कमी. बुरशी मेली तरी खराब नख सरकत टोकाशी येऊन कापलं जायला अंगठ्याच्या बाबतीत वर्ष ते दीड वर्ष लागतं. या पावसाळ्यात आलेली बुरशी पुढच्या पावसाळ्याच्या स्वागताला हजर.

नखाच्या वेगाबद्दल कुणाला शंका असेल तर विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी ती आधीच फेडून ठेवली आहे. त्यांनी स्वतःच्या हाताच्या अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी खूण करून ती टोकापर्यंत यायला किती दिवस लागतात याची पस्तीस वर्षं नोंद ठेवली. बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. १९८० साली त्यांनी हे छापलं. मी कौतुकानं आईला सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात दुसरं काही काम नव्हतं का त्याला?"

नखं कापण्यावरही मतभेद आहेत. मला गोल कापायला आवडतात. आईच्या मते सरळ, आडवी, कोपरे न खोदता, कारण कोपरा खोल कापला की नख मांसात घुसतं आणि तिथं पुन्हा जंतूंची सोय. नखाच्या बुडाच्या त्या कातडीच्या किनारीवर चिमटा चालवायचा नाही, दातानं तर नाहीच. नेलकटरही ज्याचं त्याचं. म्हणजे टॉवेलाशेजारी आता नेलकटरांचंही वाटप आलं. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून घालायचे, भिजलेल्यात कागदाचे बोळे कोंबायचे, मोजे रोज बदलायचे, हे सगळं मी मुकाट्यानं मान्य केलं. तहात आणखी एक कलम पडलं: हात धुवायचे, पण धुतल्यावर बेचकीसकट पुसून कोरडे करायचे, आणि धुणीभांडी करताना रबरी हातमोजे, आत सुती अस्तर. दोन्ही पक्षांनी सही केली. धुणीभांडी कुणी करायची हे कलम मूळ मसुद्यात नव्हतं, ते शेवटच्या क्षणी घुसवलं गेलं.

राहिला त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला. पायाला बुरशी असेल तर कपडे घालताना आधी मोजे घालायचे आणि मग आतली चड्डी. कारण उघड्या पायावरून चड्डी वर ओढली की पायाची बुरशी चड्डीत बसून जांघेपर्यंत फुकट प्रवास करते. तर्क बिनतोड आहे. वैद्यकीयदृष्ट्या मला एक शब्द काढायला जागा नाही. पण सकाळी आरशासमोर, अंगावर फक्त पोटरीपर्यंत चढवलेले काळे मोजे, अशा अवस्थेत उभ्या असलेल्या माणसाला तर्काचा फारसा आधार वाटत नाही. त्यातून आमच्या खोलीचं दार पावसानं फुगलेलं, लागतच नाही. मी दुसरा मोजा नीट करायला वाकलो होतो आणि मेहुणा इस्त्री मागायला आत आला. त्याचे डोळे एव्हाना ठणठणीत बरे झाले होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, काही न बोलता खिशातून गॉगल काढला आणि लावला.