परदेशातून : बारा मार्गिका ओलांडताना

पुण्यातल्या आमच्या कल्याणीनगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ॲमस्टरडॅमच्या सायकल ट्रॅकचा व्हिडिओ टाकते आणि त्याखाली ठरलेले वाक्य येते : ‘तिकडे बघा, आणि आपल्याकडे बघा.’ मी ‘तिकडे’ राहत असल्यामुळे माझ्याकडून दुजोऱ्याची अपेक्षा असते. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या ईशान्य भागात राहते, त्यातली पहिली तीन वर्षे गाडीशिवाय काढली आहेत, आणि तो दुजोरा मला देता येत नाही.

माझ्या घराजवळून रूझवेल्ट बुलेव्हार्ड जातो. नावावरून झाडांची सावली आणि संथ फेरफटका डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो बारा मार्गिकांचा रस्ता आहे, तीन-तीन मार्गिकांचे चार पट्टे आणि मधे गवताचे दुभाजक. पहिल्याच आठवड्यात बसमधून उतरून, दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन मी तो ओलांडायला निघाले आणि पुण्याच्या सवयीने, पिशवीसकट, हात दाखवला. ताशी सत्तर किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या चालकाला त्या हाताचा अर्थ कळण्याचे काही कारण नव्हते. पायी चालणाऱ्याचा दिवा दुसऱ्या दुभाजकापाशी मला सोडून विझला. तिथे आणखी दोघीजणी उभ्या होत्या, एकीच्या अंगावर रुग्णालयातल्या सफाई कामगाराचा गणवेश होता, आणि त्या ज्या सरावाने पुढच्या दिव्याची वाट पाहत होत्या त्यावरून हे त्यांचे रोजचेच असावे हे मला समजले.

जुलै २०१३ मध्ये याच रस्त्यावर शर्यत लावलेल्या गाड्यांपैकी एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका आईला आणि तिच्या तीन लहान मुलांना चिरडले. ती जिथून ओलांडत होती तिथे सिग्नल नव्हता. तो नंतर बसवला गेला. या भागात स्थलांतरित, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कष्टकरी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांतल्या अनेकांकडे गाडी नाही, आणि बसथांबा मात्र हमखास रस्त्याच्या पलीकडे असतो. याउलट जुलै २०२४ मध्ये शहराच्या मध्यभागी, स्प्रूस स्ट्रीटच्या सायकल मार्गिकेत एका तरुण डॉक्टरचा गाडीखाली मृत्यू झाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी सायकल मार्गिकेत गाडी थांबवण्यालाही मनाई करणारा कायदा झाला. तो कायदा योग्यच आहे. पण कोणत्या मृत्यूनंतर किती लवकर काय हलते, याचा हिशेब या शहरातही सरळ नाही.

तरीही फिलाडेल्फियाने एक गोष्ट केली आहे जी पुण्याने केलेली नाही, आणि ती म्हणजे आधी नकाशा काढला. रस्त्यांवरचे मृत्यू शून्यावर आणण्याच्या ‘व्हिजन झीरो’ कार्यक्रमाखाली शहराने अपघातांच्या नोंदी रस्त्यांवर मांडल्या, तेव्हा सुमारे १२ टक्के रस्त्यांवर ८० टक्के मृत्यू आणि गंभीर इजा होत असल्याचे दिसले, आणि गरीब वस्त्यांमधले रस्ते त्या नकाशावर दाट आहेत. एकदा हे कागदावर आले की ‘पहिला पैसा कुठे’ या प्रश्नाचे उत्तर नगरसेवकाच्या मर्जीवर किंवा कोणत्या भागातले रहिवासी जास्त चांगली निवेदने लिहितात यावर सोडता येत नाही. निदान सोडायला लाज वाटते. बुलेव्हार्डवर जून २०२० पासून वेग मोजणारे कॅमेरे लागले, आणि त्यानंतर मर्यादा मोडणाऱ्या गाड्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. दंड १०० ते १५० डॉलरचा. तो तासावर मजुरी करणाऱ्या चालकाच्या खिशाला वकिलाच्या खिशापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो, ही तक्रार मी शेजाऱ्यांकडून ऐकते आणि ती खोटी नाही. मला विचाराल तर कॅमेरा ही रस्ता चुकीचा बांधल्याची भरपाई आहे. बारा मार्गिका तशाच ठेवून केलेली.

‘पहिला पैसा कुठे’ हा प्रश्न सायकलींनाही लागू आहे. इथली ‘इंडिगो’ ही भाड्याच्या सायकलींची सेवा २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हाच, क्रेडिट कार्ड नसलेल्यांना दुकानात रोख पैसे भरून ती वापरण्याची सोय होती, आणि सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड असणाऱ्यांसाठी पुढे महिन्याला ५ डॉलरचा पास आला. पुण्यात २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या त्या मोबाइल ॲपवर आल्या, विद्यापीठात आणि औंधात आल्या, आणि काही काळाने त्यांच्यापैकी बहुतेक कंपन्या निघून गेल्या. दुधाचे कॅन लावलेली किंवा वॉचमनची रात्रपाळीची सायकल या योजनेच्या कल्पनेतच नव्हती. २०१७ मध्ये महापालिकेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे आहे. एवढे जाळे एका दमात होणार नाही हे उघड आहे. म्हणूनच त्यातले पहिले दहा किलोमीटर कोणते, हाच खरा वाद असायला हवा होता, आणि तोच कधी झाला नाही.

झाला तो फेरीवाल्यांचा वाद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला, तेव्हा आमच्या गटावर आनंद झाला आणि तासाभरात भाजीच्या हातगाड्यांचे फोटो आले. त्याच फोटोंत, हातगाडीच्या मागे, दोन चाके फूटपाथवर चढवून उभ्या केलेल्या चारचाकी दिसत होत्या. त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. अतिक्रमणाची गाडी वजनकाटा आणि टोमॅटोची पाटी उचलून नेते, मोटार मात्र तिला अतिक्रमण वाटत नाही. आईकडे कामाला येणाऱ्या मावशी येरवड्यातून रोज चालत येतात. मागच्या हिवाळ्यात मी एका सकाळी त्यांच्याबरोबर चालले, तर अशा गाड्यांना वळसा घालण्यासाठी त्या पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरत होत्या, मागून येणाऱ्या दुचाकींसाठी उजवा हात जरासा बाहेर धरून. वाटेतला भाजीवाला त्यांच्या अडथळ्यांत नव्हता. पहाटे अंधार असताना तो तिथे असतो म्हणून त्यांना बरे वाटते, असे त्या म्हणाल्या. (इथे बुलेव्हार्डलगतच्या फूटपाथवर एकही हातगाडी नाही, आणि संध्याकाळी तिथून एकटीने चालायला मला आजही नको वाटते.)

नियम मोडणाऱ्या पादचाऱ्यांना दंड करा, अशीही मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. न्यूयॉर्कने तो अनुभव घेतला आहे : नको तिथून रस्ता ओलांडल्याबद्दल २०२३ मध्ये दिलेल्या चलनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नागरिकांना दिलेली होती, आणि पुढच्याच वर्षी शहराने तो गुन्हाच रद्द केला. पुण्यात अशी पावती कोणाच्या हातात पडेल, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत साडेसात हजारांहून अधिक पादचारी मेले; भारतात ३२,८२५. पण रस्त्यावरचे सगळे मृत्यू सारखे मोजले जात नाहीत. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना भरधाव मोटारीने उडवले, तेव्हा देश हलला, आणि हलायलाच हवा होता. त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीला केसनंद फाट्याजवळ, कामाच्या शोधात अमरावती जिल्ह्यातून आलेली माणसे फूटपाथवर झोपलेली असताना डंपर त्यांच्यावर चढला आणि तिघे गेले, त्यांत दोन लहान मुले होती. आमच्या गटावर त्याविषयी एक बातमी आली आणि तिच्याखाली ‘फूटपाथ झोपण्यासाठी असतात का?’ हा प्रश्न.

महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद होतो, रांगोळ्या काढल्या जातात, फोटो सुंदर येतात. माझी सूचना एवढीच की एक वर्ष तो वाघोलीत करावा. हे गाव आता महापालिकेतच आहे. सकाळी सातला, मजूर कामावर निघतात त्या वेळी, पथ विभागाच्या अभियंत्यांनी नगर रस्ता या बाजूने त्या बाजूला पायी ओलांडावा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. तो रस्ता एक दिवससुद्धा बंद ठेवता येणार नाही, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. बंद ठेवू नका. चालू असतानाच ओलांडा.