गळ्याशी आलेलं पौरुष

गेल्या मे महिन्यात मला थंडी वाजायला लागली. डोंबिवलीत. पंखा पाचवरून दोनवर आणला तर घरात जवळजवळ मतदान झालं आणि मी एकटा पडलो. त्यात दिवसभर मरगळ, वजन चार किलोंनी वर, आठच्या बातम्यांना घोरणं. बाकीच्या बाबतीतही उत्साह नव्हता. एवढ्यावरून समजून घ्या.

ऑफिसातल्या मित्राने मोबाइलवर काहीतरी वाचून निदान केलं, "तुझं टेस्टोस्टेरॉन गेलं." लोकलमध्ये पाकीट गेल्यासारखं. डॉक्टरांना न विचारता मी परस्पर रक्त द्यायला गेलो. मूळव्याध आणि हे, दोन्ही आपल्याकडे आधी गुपचूप उरकून पाहायचं असतं.

लॅबच्या काउंटरवर मी तपासणीचं नाव हळूच सांगितलं. तिथल्या मुलीने दोनदा "काय काका?" केलं आणि मग आत खणखणीत आवाज दिला, "टेस्टोस्टेरॉनवाले काका आलेत!" बाकावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बसले होते. थकबाकीदारांकडे पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आकडा आला २१४. ठळक अक्षरांत, कुणाच्या नजरेतून सुटू नये असा. रिपोर्ट घडी घालून डॉक्टरांकडे गेलो.

"रक्त किती वाजता दिलंत?"

"चार. हाफ डे टाकला होता."

"पोटात काही?"

"मिसळ. दोन पाव जादा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे हार्मोन सकाळी भरात असतं म्हणाले, दिवस चढेल तसं उतरतं, आणि खाल्ल्यावर आणखी खाली जातं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं. दोन्ही वेळा ३००च्या खाली आलं तर पुढचं बोलायचं. म्हणजे पौरुषाचं दूधवाल्यासारखंच. सकाळी गाठलं तर गाठलं.

"सोबत टीएसएचही करू."

"थायरॉईड बायकांना होतो ना?"

"बायकांना जास्त होतो. पण गळा पुरुषांनाही असतो."

मग त्यांनी विचारलं, केसांसाठी काही गोळ्या घेता का? त्यांत बायोटिन असतं, त्याने काही तपासण्यांचे आकडे भलतेच येतात, दोन-तीन दिवस आधी बंद करा. बायको शेजारीच बसली होती. टेस्टोस्टेरॉनचं ऐकून ती शांत होती. केसांच्या गोळ्यांचं ऐकून मात्र वळली. "तरीच! मला वाटलं, बी-कॉम्प्लेक्स आहे."

दोन सकाळी चहाशिवाय काढल्या. आकडे आले २६८ आणि २८१. टीएसएच मात्र १८! चारपर्यंत ठीक, असं छापलेलं वाचून मी खूशच झालो. काहीतरी तरी भरपूर निघालं होतं.

ते उलटं असतं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड ढिम्म बसला की ती आवाज चढवते, आणि तो चढलेला आवाज म्हणजे टीएसएच. घरात रोज हेच ऐकत असल्याने मला चटकन समजलं. थायरॉईड मंदावला की टेस्टोस्टेरॉनही खाली येऊ शकतं, थंडी आणि मरगळही त्याचीच. तेव्हा इंजेक्शनबिंजेक्शन काही नाही, आधी थायरॉईडची गोळी. पन्नास मायक्रोग्रॅम, रोज सकाळी उपाशीपोटी. इतके दिवस मी भलत्याच ठिकाणी काळजी करत होतो आणि प्रकरण गळ्याशी आलं होतं.

सात आठवड्यांनी टीएसएच ३.२ झालं, टेस्टोस्टेरॉन ३९० झालं आणि पंखा पुन्हा पाचवर गेला. मित्राला अजूनही वाटतं, मी चोरून इंजेक्शन घेतलं.

पण खरी शिक्षा गोळीनंतरची आहे. निदान अर्धा तास चहा नाही. बायको दहा वर्षं ही गोळी घेते, आणि दहा वर्षं मी तिच्यासमोर बसून फुर्र करून चहा पीत, "एक गोळी तर घ्यायची असते," असं म्हणत आलोय. आता सहा वाजता आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून घड्याळाकडे बघतो. मधे आमच्या दोन सारख्याच बाटल्या. परवा अर्धवट झोपेत मी तिची उचलली.

"अहो, ती ठेवा," ती म्हणाली. "पंच्याहत्तरची आहे. तुम्हाला झेपायची नाही."